जिवंत माणसाच्या मयताची चिठ्ठी

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शूर ठरवायला नको. झुरळ, वीज, दाताचा डॉक्टर, सासू, मला सगळ्यांची भीती वाटते. रेडिओ सुबाच्या दर्शनी काउंटरवर मला नोकरी लागली तेव्हा नवरा पोट धरून हसला होता. "परक्या माणसांशी बोलायचं काम? आणि ते तुला?"

तिथे मी टिकले ती मानांग पिनिंगमुळे. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला मानांग म्हणतात, पुरुषाला मानोंग. काचेच्या दारातून आत शिरलं की समोर तिचं टेबल, डावीकडे माझं काउंटर आणि दाराशी स्टुलावर आमचा पहारेकरी मानोंग तेबान. मानांग त्या टेबलाशी तेवीस वर्षं बसत होती. वय सत्तावन्न, उंची जेमतेम, आवाज मात्र गोदीवर ऐकू जाईल असा. स्टुडिओतल्या बातम्या बाराला लागायच्या, आमच्या टेबलावरच्या सकाळी आठलाच लागलेल्या असायच्या. कुणाची बदली होणार, कुणाची बायको माहेरी गेली, मॅनेजर आज कुणावर घसरणार, सगळं तिला ठाऊक. मॅनेजरच्या बुटांचा आवाज ऐकून ती सांगायची, "आज रजा मागू नकोस गं, इंदाय." इंदाय म्हणजे पोरी. रजा मागितली की मला हमखास कळायचं, तिचं ऐकायला हवं होतं.

आमच्या रेडिओवर खऱ्या नावानं कुणी बोलत नाही. निवेदक प्रक्षेपणासाठी वेगळं नाव घेतो आणि तेच त्याला जन्मभर चिकटतं. लोकांचा सगळ्यात लाडका बॉय दागुओब. दागुओब म्हणजे मेघगर्जना. आवाजही तसाच. त्या वर्षी तो रोज नदीतल्या वाळूवर गर्जत होता: कोण उपसतं, कुणाच्या ट्रकातून जाते, कुणाच्या आशीर्वादानं. माईकवर गर्जणारा हा माणूस न्हाणीघरातलं झुरळ मारायला तेबानला हाका मारायचा. त्या बाबतीत आमचं दोघांचं छान जमायचं. त्याचं खरं नाव काय, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. सगळ्यांचं टपाल वाटणारी मानांग तेवढी जाणून होती.

माझं मुख्य काम मयताच्या चिठ्ठ्या घेणं. इकडे घरात कुणी गेलं की रेडिओवर सांगायचं असतं, म्हणजे बेटाबेटांवर पांगलेले नातेवाईक दुपारी ऐकतात आणि मिळेल ती होडी धरून निघतात. लोक कागदावर नाव, वय, मागे कोण, दफन कधी, एवढं लिहून आणतात. मी शिक्का मारते, पोच देते, आणि देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो म्हणते. दिवसाला पाच-सहा तरी असतात. नावं वाचतच नाही म्हटलं तरी चालेल.

त्या मंगळवारी दहाच्या सुमाराला एक माणूस आला. हेल्मेट काखेत, शर्टाला इस्त्री. मानांग फोनवर कुणा म्हातारीशी बोलत होती, तेबान मॅनेजरची गाडी मागे घ्यायला मदत करत होता. आलेल्या माणसाच्या उजव्या भुवईत मधोमध केस नव्हते, म्हणून मी जरा जास्तच बघितलं. तो अदबीनं म्हणाला, "बाराच्या बातम्यांत नक्की वाचा हं, मॅडम. लांबून माणसं यायची आहेत." मी शिक्का मारला. आत्म्याला शांती देवो म्हणाले. तो म्हणाला, "थँक यू, मॅडम."

बाराला वीस मिनिटं असताना मानांग नेहमीसारखी चिठ्ठ्या लावायला बसली. तिसऱ्या चिठ्ठीवर तिचा हात थांबला.

"इंदाय, हा कागद कुणी आणला?"

"एक माणूस होता. का?"

"क्रिसोलोगो सुमागायसाय, वय एक्कावन्न. कोण ते कळलं का तुला?"

"नाही. कोण होता?"

"होता नाही. आहे. आत बसलाय."

भिंतीवरच्या स्पीकरमधून बॉय दागुओब वाळूच्या ट्रकांचे नंबर वाचत होता.

कागदावर त्याच्या बायकोचं नाव बरोबर होतं, तिन्ही मुलांची बरोबर होती. खाली लिहिलं होतं, दफन शुक्रवारी, पहाटे साडेपाच. त्या वेळेला पाद्रीसुद्धा उठलेला नसतो. त्या वेळेला दागुओब आमच्या फाटकाशी रिक्षातून उतरतो.

कार्यक्रम संपवून तो बाहेर आला, कागद बघून हसला, पुन्हा वाचला आणि माझ्याच खुर्चीत बसला. पाणी मागितलं.

मॅनेजरनं पोलीस बोलावले. सार्जंट तासाभरात आला. त्याचा पहिलाच प्रश्न, "कागद घेतला कुणी? चेहरा कुणी बघितला?"

मला पाचवा महिना होता. मी काउंटरवरच्या पोचपावत्या सरळ करायला लागले. गावात साक्षीदारांचं काय होतं ते सांगायला कुणाला रेडिओ लागत नाही.

"मी घेतला," मानांग म्हणाली. "ही पोर तेव्हा मागे खायला आणायला गेली होती."

"दिसायला कसा होता?"

"कसा असणार? माणसासारखा."

सार्जंटनं तिचं नाव लिहून घेतलं. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्याआधी मला हायसं वाटलं.

तीन वाजता आम्ही तिघं चहाला बसलो. केळीच्या पानातला चिकट भात मी तेबानकडे सरकवला. मी म्हटलं, "मानांग, तुम्ही कशाला पुढे झालात?"

"तुझ्या पोटात एक आहे. माझे दोन्ही मुलगे जहाजावर नोकरीला लागले. मला मारून कुणाला काय मिळणार? सांधेदुखी?"

"आणि मारायला आला तर तुझी बडबड ऐकूनच परत जाईल," तेबान म्हणाला.

"तू गप. तेवीस वर्षांत एक चोर पकडला नाहीस."

"तू दाराशी असताना चोर येतोय कशाला!"

आम्ही हसलो. मग बाहेर मोटारसायकल वाजली आणि तिघांनीही एकदम दाराकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की चेहरा पिनिंगनं पाहिलाय. बुधवारी सकाळी प्रवाशांच्या जीपमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्याच राहिल्या. भाजीवालीनं भाजी दिली, पण तिच्याकडे न बघता. हे तिनं आम्हाला विनोद म्हणून सांगितलं. मला काही तो विनोद वाटला नाही.

दागुओब गाव सोडायला तयार नव्हता. "मी पळालो तर लोक काय म्हणतील? गर्जना म्हणे!" मॅनेजरनं विनवलं, बायको रडली, पण तो हट्टाला पेटला होता. मग काम सुटलं की आम्हीच त्याला रिक्षापर्यंत सोडायला लागलो. पुढे तेबान, बाजूला छत्री घेऊन मानांग, मागे मी. आमच्यासारखी फौज बघून मारेकरी हसून मेला असता. मी मनात फक्त शुक्रवारपर्यंतचे तास मोजत होते.

गुरुवारी दहाला सार्जंट एका हमालाला घेऊन आला. ओठ फुटलेला, शर्टाचं एक बटण तुटलेलं. "हाच ना, मानांग? हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

मानांगनं चेहरा पाहिलेलाच नव्हता, तर ती ओळखणार कुठून? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवायची होती, हा नव्हे म्हणून. तेवढंही मला जमलं नाही. कारण सार्जंटच्या मागे, दार धरून, त्याचा ड्रायव्हर उभा होता. काखेत हेल्मेट नव्हतं, पण उजव्या भुवईत मधोमध केस नव्हते. ओळखीच्या माणसाला करावी तशी त्यानं मला हलकेच मान झुकवली.

माझी नजर त्याच्यावरून हलेना. पोटात बाळ हललं.

मानांगनं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं, चांगलं निरखून.

"हा नाही," ती सार्जंटला म्हणाली.

"नीट बघा. या वयात नजर..."

"सार्जंट, दारातून येणारी माणसं बघायचाच पगार घेते मी. हा बिल्मोर. मागच्या वर्षी आईच्या मयताची चिठ्ठी घेऊन आला होता. रडून रडून सगळी शाई पसरलेली. मीच पुन्हा लिहून दिली. सोडा त्याला."

"मग कोण होता?"

"आठवलं की कळवते."

हमालाला घेऊन ते निघाले. ड्रायव्हर शेवटी गेला. जाताना मला म्हणाला, "थँक यू, मॅडम."

तेबाननं दाराची कडी लावली. दिवसाढवळ्या आमच्या दाराला कडी मी कधी पाहिली नव्हती.

"दाराशी होता तोच?" मानांगनं विचारलं. मी मान डोलावली आणि रडायलाच लागले. "त्याला माहीत आहे, मानांग. त्यानं कागद माझ्याच हातात दिला होता. तुम्ही खोटं बोललात हे त्याला माहीत आहे."

"खोटं मंगळवारी होतं. आता पाहिला की मी."

"मीपण पाहिला," तेबान म्हणाला. "भुवईवाला. मला धरा त्यात."

मानांगनं समोरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला सारला. मग उठली आणि सरळ स्टुडिओत गेली. बाहेर लाल दिवा लागला असताना आत जायचं नाही, हा नियम तिनंच आम्हाला घोकवला होता. गाणं चालू होतं तेवढ्यात तिनं दागुओबला काय सांगितलं कोण जाणे. तो बाहेर आला तो पांढराफटक पडून. दोनच्या बोटीनं तो बायकामुलांसह गेला, मासळीच्या बर्फाच्या ट्रकातून धक्क्यापर्यंत. कपड्यांची पिशवी टेबलाखालीच राहिली.

मला वाटलं, आता ती गप्प बसेल. पण तिनं काय करावं? टेबलाशी बसून तिनं बातमी सोडली. आधी चहावाली, मग हिशेबनीस, मग तंत्रज्ञ, गाण्याची कपाटं लावणाऱ्या दोघी, झाडूवाला, सगळे निवेदक. प्रत्येकाला तेच सांगायची: सार्जंटचा ड्रायव्हर, उजवी भुवई मधोमध रिकामी, कागद त्यानं आणला. एरवी बातमी टेबलापुरतीच ठेवणारी बाई, पण हे तिनं घरी बायकोला सांगा, शेजाऱ्याला सांगा, असं बजावून सांगितलं.

मी घाबरून तिचा हात धरला. "मानांग, काय करताय? आता तर सगळेच मरतील!"

"एकीनं पाहिलं तर ती साक्षीदार, इंदाय. चाळीस जणांनी पाहिलं की ती नुसती बातमी. बातमीला कुणी कितीदा मारणार?"

शुक्रवारी मी जाणार नव्हते. नवऱ्यानंही दार अडवलं. पण मानांग साडेपाचला एकटी फाटकाशी उभी असेल या कल्पनेनं मला घरातच जास्त भीती वाटायला लागली. गेले. नवराही मागोमाग आला, शिव्या देत. फाटकाशी पोचले तर तिथे सगळे होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. चहावाली केस न विंचरता आली होती, हिशेबनीस घरच्या चपलांत. मॅनेजरसुद्धा होता.

साडेपाचला मोटारसायकल आली. फाटकासमोर हळू झाली. त्यानं हेल्मेटची काच वर केली. समोर रिक्षा नव्हती, दागुओब नव्हता, नुसती आमची रांग होती, आणि सगळ्यांची नजर त्याच्या भुवईवर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्यानं काच खाली ओढली आणि तो गेला. त्याची पुढे दुसरीकडे बदली झाली म्हणतात. शिक्षा कुणालाच झाली नाही. दागुओब परत आला नाही, आणि वाळू अजून जाते.

तो गेल्यावर लोक हसायला-बोलायला लागले. तेबाननं कुणालातरी मिठी मारली. मानांग मात्र फाटकाचा गज धरून तशीच उभी होती. मी तिचा हात सोडवायला गेले तर बोटं एकेक करून उघडावी लागली.

"इंदाय," ती इतक्या हळू म्हणाली की मला वाकावं लागलं, "मंगळवारपासून झोपले नाही गं मी. आज मला एकटीला घरी पाठवू नकोस."

त्या संध्याकाळी आम्ही तिची वळकटी आमच्याकडे आणली. चार महिन्यांनी माझी मुलगी जन्मली, तेव्हाही ती आमच्याकडेच होती आणि दाराकडे तोंड करूनच झोपत होती.