बुडापेस्टमध्ये तिची माणसं

माझी मैत्रीण दारव्ह्याकडच्या एका तांड्यातली. ती बंजारा, मी कुणब्याची. आमची वावरं लागून, त्यामुळे चाळीस वर्षं बांधावरची सोबत. माझी नात जर्मनीत शिकते. तिने आम्हा दोघींना बोलावलं आणि तिथून चार दिवस बुडापेस्टला नेलं. स्वस्तातली बस, आठ खाटांची एक खोली आणि प्रत्येकीला पाठीवरची एक पिशवी. मैत्रिणीने तिची पिशवी डोक्यावर घेतली.

"आजी, पाठीवर घे ना. लोक पाहतात," नात म्हणाली.

"पाठीवर बैलाच्या लादतेत. मी बैल आहो काय?"

ती आली होती एकाच कामासाठी. तांड्यात कोणीतरी मोबाइलवर पाहिलं होतं, की युरोपात आपल्यासारखेच लोक आहेत, फार पूर्वी इकडूनच गेलेले, आणि त्यांची बोलीही आपल्या बोलीजवळची आहे. मला हे पटत नव्हतं. तांड्याचे नायक माझ्यादेखत तिला म्हणाले होते, "जातेस तर पाहून ये. पण फोटो आण. त्याशिवाय आमी मानत नाही." म्हणून तिने आरशांची कांचळी, म्हणजे त्यांच्यातली चोळी, बांधून आणली होती. एरवी ती साडीच नेसते, पण आपल्या माणसांनी ओळखावं म्हणून तिथे रोज कांचळी घालून निघायची.

मी मात्र दिसेल ते पाहत होते. ट्राममध्ये कुत्री बसून जातात आणि कोणी हाकलत नाही. बाजारात बाई एकच टमाटर घेते, तरी दुकानदार कागदात बांधून देतो. थंडीत उघड्यावर गरम पाण्यात बसून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. एक डाव कोण जिंकतं ते पाहायला मी काचेपाशी इतका वेळ उभी राहिले, की नात चिडली.

दुसऱ्या दिवशी एका गल्लीत मैत्रीण ओरडली, "सापडली वं!" समोर एक बाई उभी होती. लाल घागरा, बाह्यांवर भरलेली फुलं. मैत्रिणीने तिचा दंड धरला आणि आपल्या बोलीत सुरूच झाली. बाई हसली, आम्हाला हाताला धरून आत घेऊन गेली आणि टेबलाशी बसवलं.

"पाह्य, वळख ना पाळख, तरी बसवलं. आपल्यातच असं असते," मैत्रीण म्हणाली.

एवढ्यात नात धावत आली. "अगं आजी, हे हॉटेल आहे. गिऱ्हाइकं यावीत म्हणून तिला तो ड्रेस घालायला लावतात."

पाणी पिऊन आम्ही उठलो. मी म्हटलं, "तुह्या बहिणीनं जेवणाचं कार्ड देलं वं, लुगडं नाही देलं." ती तरातरा पुढे निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून खाटेवर बसून होती. निघायचंच नाही म्हणाली. चादरी बदलायला कामवाली बाई आली. करडी पँट, मागे बांधलेले केस. मी तिच्याकडे पाहिलंही नसतं. ती उशांचे अभ्रे हळू आवाजात मोजत होती, "येक, दुय, त्रीन..."

मैत्रीण ताडकन उठली. नाकाला बोट लावून म्हणाली, "नाक?"

बाई बघतच राहिली. मग म्हणाली, "नाक."

"कान?" "कान." मैत्रिणीने बाटली दाखवली. बाई म्हणाली, "पानी."

मी म्हटलं, "नाकाले आमीही नाकच म्हणतो. मंग ते माहीबी सोयरी."

"तू गप बस. तुहे लोक वावर सोडून कुठी गेलते?"



मैत्रिणीने फोटोसाठी मोबाइल काढला तशी बाईने दार लावलं आणि भिंतीला टेकली. नातीशी इंग्रजीत बोलली. नातीने आम्हाला सांगितलं, "ती कुठल्या जमातीची आहे हे इथे कोणाला माहीत नाही. कळलं तर काही हरवलं की आधी तिच्याकडे पाहतील. फोटो नको म्हणते."

यवतमाळात खोली भाड्याने घेताना मैत्रिणीच्या लेकीने तिला बजावलं होतं, घरमालकिणीसमोर आपली बोली बोलू नको. हे तिनेच मला बांधावर सांगितलं होतं. तिने मोबाइल पिशवीत टाकला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून आठही खाटा केल्या. मी हात लावायला गेले तर दोघींनीही मला बसवलं.

परत आल्यावर नायकांनी विचारलं, "भेटले का?"

"भेटली एक."

"फोटो?"

"नाही."

सगळे हसले. नायक माझ्याकडे वळले. "तुमी सांगा बाई. तुमी काही तांड्यातल्या नाही, तुमाले खोटं बोलाचं काय काम?"

"भेटली. म्या पाह्यली."

"कशी होती?"

"तुमच्या सुनेसारखी. कामात होती."

"मंग फोटो काहून नाही काढला?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोबाइल बंद पडलता."

नायकांनी सुपारी तोंडात टाकली. "बंद पडलता म्हणते," ते बाकीच्यांना म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले. तीही हसली. मग आम्ही दोघी वावराकडे निघालो.