फणसाखालचं शेवाळ

पाटणच्या घरामागं फणसाच्या सावलीत लॉन कधी धड आलंच नाही. शेवाळ मात्र दरवर्षी येतं. यंदाही मी खुरपं घेऊन ते खरवडायला बसले आणि त्या ओल्या, गार वासासरशी अप्पा आठवले.

अप्पा म्हणजे माझे वडील, दुष्काळी आटपाडीचे. तिकडं हात धुतलेलं पाणीसुद्धा झाडाच्या बुडाशी जायचं. लग्नानंतर ते पहिल्यांदा माझ्याकडं आले, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, सगळं परसू निथळत होतं. जेवण झाल्यावर मोरीकडं न जाता अप्पा तांब्या घेऊन इथं आले. चपला काढल्या, डाव्या हाताचा तळवा शेवाळावर अलगद टेकवला आणि मग तिथंच हात धुतले.

"आवं मामा, ते शेवाळ हाय. काढून टाकायचंय," आमचे हे हसत म्हणाले.

"आसंना. हिरवं हाय न्हवं?"

ह्यांना पुढं कितीतरी वर्षं ते आठवून हसू यायचं.

आता दोघंही नाहीत. मुलगा फोनवर सांगतो, फरशी घालून टाक. मी सगळीकडचं शेवाळ खरवडलं, फणसाखालचं तेवढं ठेवलं. दुपारी एकटीच जेवले, तांब्या घेऊन तिथं गेले आणि हात धुतले. पाणी जिरेपर्यंत उभी राहिले. मागून कुणी हसलं नाही.