दहा मिनिटांचं ऊन

किन्हीराजातल्या भागिरथेनं शिळ्या भाकरीचा तुकडा चहात बुडवून खाल्ला, वर गोळी घेतली आणि चूल सारवायला घेतली, तोच दाराची कडी वाजली. बाहेर शेजारची गंगू.

"चाल वं भागिरथा. केशरबाईनं बलावलं तुले. पह्यल्या वेच्याले."

"मले? माह्यंच नाव घेतलं तिनं?"

"मंग काय डफडं वाजवत येऊ? चाल लवकर."

कोपरांवर, हातांवर पांढरे पापुद्रे धरले तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, केशरबाईच्या वावरात कापसाच्या पहिल्या वेचणीला भागिरथेला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी आधी दहीभाताचा नैवेद्य, मग बाया पराटीत शिरायच्या. असल्या अंगाची बाई तिथं नको. तिला बोलवायचं ते चौथ्या-पाचव्या वेच्याला, तेही माणूस कमी पडलं तर.

सोरायसिस हे नाव तिला यंदा, सत्त्याहत्तरच्या दसऱ्यानंतर वाशीमच्या डॉक्टरांकडून कळलं. गोळी त्यांचीच. गोळीनंतर दोन तासांनी चट्ट्यांवर दहा मिनिटं ऊन घ्यायचं, मग दिवसभर सावलीत राहायचं. महिन्याभरात पापुद्रे बरेच उतरले. केशरबाईनं तेच पाहिलं असणार.

वावरात पोचल्यावर सावलीचं भागिरथेला आठवलं. पण जन्म उन्हात गेला. हे हिवाळ्याचं ऊन काय करणार? उलट दहा मिनिटांत एवढा गुण, तर दिवसभरात किती! तिनं चोळीच्या बाह्या वर सारल्या आणि दिवस मावळेपर्यंत वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाले, तिसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड आले. गंगू आत आलीच नाही.

"महारोग हाय म्हंते केशरबाई," ती दारातूनच बोलली. "तुहा हात लागला म्हनून वावरात गोमूत्र शिपडून राह्यली."

भागिरथा वाशीमला गेली. डॉक्टर चिडले. "उन्हात राहू नको म्हणून सांगितलं होतं ना? त्या गोळीनंच कातडी उन्हाला हळवी होते. काम काय करतेस तू?"

हे त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं.

"वावरात जातो जी. रोजानं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं गोळीचं नाव खोडलं. मग गोळी बंद म्हणाले आणि मलम लिहू लागले.

"मलमाचं मांगून पाहू साहेब," भागिरथा म्हणाली. "आंधी एका कागदावर मराठीत लिहून द्या, हे उन्हानं भाजलं, कोनाले लागत नाही. अन् खाली सही करा."