साखरचौथीची वाळू

माझ्या सासरी, पेणजवळच्या गावात, गणपतीचं विसर्जन झालं की नदीतली मूठभर वाळू रिकाम्या पाटावर घालून परत आणतात. आरती होते, खिरापत वाटतात आणि मग सासरे ती वाळू घराच्या चारी कोपऱ्यांत चिमूट चिमूट टाकतात. वर्षभर घराची राखण होते म्हणे. लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी त्यांच्यापुढे कागदाची पुडी धरली आणि म्हटलं, "बाबा, चिमूटभर आम्हालाही द्या. चंदीगडला नेते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाळू घराला असते, सूनबाई. बिऱ्हाडाला कशाला?"

मी नागपूरची. आमच्याकडे अपमान गिळायची पद्धत नाही, तो व्याजासकट परत करतात. पण घरभर पाहुणे होते, म्हणून मी फक्त पुडी चुरगाळली. तो शब्द मात्र मनात रुतला. बिऱ्हाड! अठरा वर्षं आम्ही विद्यापीठाच्या ह्या क्वार्टरमध्ये राहतोय. मी इथे शिकवते, नवरा इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे, मुलगी इथे जन्मली आणि आता मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देण्याइतकी मोठी झाली आहे. तरी सासऱ्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बिऱ्हाडी सगळं ठीक?" जणू आम्ही उद्या वळकटी बांधून निघणार आहोत.

गेल्या आषाढात ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. ऑपरेशन छान झालं, वॉकर घेऊन ते घरभर ठकठक करू लागले, आणि तीन महिने प्रवास बंद असं त्यांना त्यांच्याच मुलाने बजावलं. म्हणजे गणपतीला गावी जाणं नाही. तिकडे थोरले दीर-जाऊ सगळं करणार होते, आणि बाबांनी फोनवरून आरती म्हणायची असं ठरलं होतं. ते कसंबसं त्यांच्या पचनी पडतंय तोच चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुण्यात थोरल्या दिरांच्या मुलाला मुलगा झाला. घरात मूल जन्मलं की सगळ्या भाऊबंदांना दहा दिवस सोयर, देवाला हात लावायचा नाही. गावची मूर्ती कारखान्यातच फडक्याखाली राहिली. पणतू झाल्याचा पेढा सासऱ्यांनी असा खाल्ला की बघणाऱ्याला वाटावं, काढाच घेतायत.

रायगडात ह्यावर तोड आहे. ज्यांचा गणपती सोयर-सुतकात चुकतो, ते पुढच्या चतुर्थीला, साखरचौथीला, दीड दिवसाचा आणतात. ही चौथ भर पितृपक्षात येते. मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पितृपक्षात गणपती? तुझ्या सासरी सगळ्यांनाच भूल दिली होती का?"

मुलीने आजोबांकडून सगळं समजावून घेतलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "अच्छा, मतलब कंपार्टमेंट वाला गणपती!" इकडे एका विषयात नापास झालेल्यांची फेरपरीक्षा असते, तिला कंपार्टमेंट म्हणतात. सासऱ्यांना वाटलं रेल्वेचं काहीतरी आहे, म्हणून तेही हसले. पण लगेच चेहरा पडला. "साखरचौथ गावी होईल. मी इथे. जन्मात पहिल्यांदा माझ्याशिवाय." त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाबा, मग इथेच बसवू."

"गणपती घरात बसतो," ते म्हणाले. "बिऱ्हाडात नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायची नव्हती तरी घासली. मग थोरल्या जाऊबाईंना फोन लावला. सासरे आयुष्यात दोघांनाच भितात, एक गणपती आणि दुसऱ्या ह्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मूर्ती मी घेऊन येते," त्या म्हणाल्या. "चंदीगडचा पत्ता देवाला ठाऊक नसला तरी मला आहे." सासऱ्यांना फोन दिला. पाच मिनिटं ते फक्त 'हं' म्हणत होते. शेवटी त्यांनी एक अट घातली. देव इथे बसेल, पण विसर्जनाची वाळू सगळी डबीत भरून गावी न्यायची, घराच्या कोपऱ्यांत टाकायला. जाऊबाईंनी ती मान्य केली. मला कोणी विचारलं नाही.

मग दिवस नक्की करायला सासऱ्यांनी शेजारच्या आंटीजींकडून पंचांग मागवलं आणि पाहतात तो भाद्रपद संपलेला! इकडे पौर्णिमा झाली की महिना बदलतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला भाद्रपद चालू असताना इकडच्यांचा आश्विन लागलेला असतो. सासरे वॉकर आपटत म्हणाले, "अर्धा महिना खाल्ला ह्या लोकांनी!" भाद्रपदातला गणपती आश्विनात कसा बसवायचा, ह्यावर दोन दिवस खल झाला. नवऱ्याने "चंद्र तोच आहे ना, बाबा?" असं विचारून पाहिलं, तर "तू गुडघे बघ" असं उत्तर मिळालं. शेवटी आपल्याच पंचांगाने जायचं ठरलं.

आंटीजींची अडचण वेगळी होती. पंचांग परत न्यायला आल्या तेव्हा काय चाललंय ते ऐकून त्यांनी छातीला हात लावला. "हाय रब्बा! शराधां विच? शराधां विच तां कोई नवां सूट वी नहीं पांदा जी!" श्राद्धाच्या दिवसांत नवा ड्रेसही घालत नाहीत आणि तुम्ही देव आणताय, असा त्यांचा मुद्दा होता. मी पटवायचा प्रयत्न केला. त्या मान हलवत गेल्या आणि पाच मिनिटांत आपल्या देवघरातली लाकडी चौकी घेऊन परत आल्या, कारण माझ्याकडे पाट नाही हे त्यांना माहीत होतं. "मैंने नहीं दी," त्यांनी बजावलं. "कोई पूछे तो मेरी नहीं है."

मूर्ती विमानाने आली, जाऊबाईंबरोबर, पण थोरल्या भाऊजींच्या मांडीवर. विमानतळावर मी घ्यायला गेले तर ते गाडीतही मूर्ती खाली ठेवेनात. "एकदा मांडीवर घेतली की थेट पाटावर," ते म्हणाले. पुढे झिरकपूरचा ट्रॅफिक लागला आणि आम्ही तासभर एका जागी उभे राहिलो. शेजारच्या गाडीतल्या सरदारजींनी काच खाली करून विचारलं, "बाऊजी, ए तां लंघ गया सी ना?" गणपती तर होऊन गेला ना! भाऊजींनी त्यांना शांतपणे मराठीतून साखरचौथ समजावली. सरदारजींनी सगळं ऐकून हात जोडले.

घरी पोचलो तेव्हा भाऊजींच्या दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. त्यांना गाडीतून उठताच येईना. शेवटी जाऊबाईंनी भाकरतुकडा गाडीतच ओवाळून टाकला, नवऱ्याने मूर्ती घेतली आणि मुलीने काकांना ओढून बाहेर काढलं. दारात सासरे एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या धरून उभे होते. पाणी देवाच्या पायांवर पडायच्या ऐवजी बरंचसं माझ्या चपलांवर पडलं.

चौथीच्या सकाळी माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. जाऊबाईंनी तांदळाची पिठी गावाहून आणली होती. मी म्हटलं, "ताई, मोदक मी करू का?" त्यांनी विचारलं, "उकडीचे येतात तुला?" मी खरं सांगितलं, की आम्ही तळणीचे करतो. "अगं, ती करंजी झाली, डोक्याला गाठ मारलेली," त्या म्हणाल्या आणि मला गावी अठरा वर्षं जे काम मिळालं तेच दिलं, दूर्वा. स्वतःच्या घरात मी जमिनीवर बसून एकवीस एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधल्या. दूर्वा विद्यापीठाच्या लॉनवरच्या. माळ्याने विचारलं होतं, "मैडम, खरगोश पाला है क्या?"

पूजा सासऱ्यांनीच सांगितली, खुर्चीत बसून. आवाज असा लागला की दोन मजले वरची माणसं गॅलरीत आली. आरती सुरू झाली आणि दारात आंटीजी, डोक्यावर ओढणी. आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभं राहून टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात. मोदक हातावर ठेवला तेव्हा म्हणाल्या, "प्रसाद है, प्रसाद को ना नहीं कहते," आणि दुसऱ्यासाठी हात तसाच पुढे ठेवला. त्या दिवशी सासरे पोटभर जेवले. आठ मोदक. मी मोजले.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला झिरकपूरजवळ घग्गरवर गेलो. सासरे गाडीत बसून राहिले, आम्ही उतरलो. काठावर पितृपक्षाची गर्दी. कोणी तर्पण करत होतं, कोणी पिंड सोडत होतं, सगळीकडे गंभीर चेहरे. त्यांच्या मधोमध आम्ही पाच जण, मोठ्याने ओरडावं की नको ह्या विचारात. भाऊजी हळूच म्हणाले, "गणपती बाप्पा..." आणि आम्ही कुजबुजल्यासारखं "मोरया" म्हटलं. पाण्यात उभे असलेले एक वयस्क गृहस्थ वळले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते ओंजळीतलं पाणी तसंच धरून म्हणाले, "ज़ोर से बोलो जी, भगवान हैं." मग मात्र आम्ही घसा फोडला.

भाऊजींनी मूठभर वाळू काढून आंटीजींच्या चौकीवर घातली. गाडीत ती चौकी सासऱ्यांनी मांडीवर घेतली आणि क्वार्टरपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. मला वाटलं, डबीत कमी पडायला नको म्हणून.

खिरापत वाटून झाली. जाऊबाईंनी स्टीलची डबी धुऊन पुसून तयार ठेवलीच होती. मी आत जायला निघाले. माझ्यादेखत माझ्या दारात आलेली वाळू गावी जायला डबीत भरली जाणार, ते बघायची मला इच्छा नव्हती.

तेवढ्यात सासरे वॉकर धरून उठले. "चौकी घेऊन माझ्याबरोबर चल," ते नातीला म्हणाले. ती चौकी धरून मागे, हे पुढे. ठकठक करत बैठकीच्या कोपऱ्यात गेले, चपलांच्या मांडणीशी. एक चिमूट घेतली आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच सोडली. मग आमच्या खोलीत, कपाटाच्या कडेला. मग नातीच्या खोलीत. जाऊबाई हातात उघडी डबी घेऊन तशाच उभ्या. चौथा कोपरा स्वयंपाकघरातला, फ्रिजमागचा. सासऱ्यांनी मान वाकडी करून आत डोकावलं आणि तिथेच थबकले.

"सूनबाई!" त्यांचा आवाज चढला. "ह्या घरात कोपरे कोणी झाडतं की नाही?"

नवऱ्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंनीही पाहिलं. अठरा वर्षांत असल्या वाक्याला मी सहसा उत्तर द्यायचं बाकी ठेवलेलं नाही, हे दोघांना ठाऊक होतं. मला मात्र रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून मी धावत जाऊन झाडू आणला.

"आता नको, आता नको!" ते ओरडले. "वाळू जाईल ना घरची!" त्यांनी चिमूट टाकली, हात झटकला आणि जाऊबाईंना म्हणाले, "उरली असली तर भर डबीत. गावी पण लागेल."

फ्रिजमागे आता कोळ्याची जाळी धरली आहेत. कामवाली रोज कुरकुरते, पण त्या कोपऱ्यात मी तिला झाडू घालू देत नाही.