फीत न कापलेलं मशीन

आमच्या क्लबात एक नियम होता आणि तो मीच लिहिला होता. लोकार्पण झाल्याशिवाय कुठलीही वस्तू बाहेर द्यायची नाही. त्याला कारणही घडलं होतं. एकदा दानात आलेली चाकाची खुर्ची आम्ही कार्यक्रमाआधीच एका घरी देऊन टाकली, तर देणगीदार वर्षभर बोलेनात. सेवाभावी माणसाचा रुसवा जावयाच्या वरताण असतो. तेव्हा मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई आणि क्लबची सचिव, वहीत लाल शाईने ते वाक्य लिहिलं. शाळेला लावली तशी शिस्त क्लबलाही लावली, याचा मला अभिमान होता.

हिंगोलीतल्या आमच्या क्लबात बहुतेक व्यापारी, दोन डॉक्टर आणि मी. आजारी माणसाला घरी लागणारी खाट, वॉकर, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन अशा वस्तू आम्ही फुकट वापरायला देतो. गरज संपली की परत आणून द्यायच्या. मशीन दोनच होती. एक कनेरगाव नाक्याला एका आजोबांकडे गेलेलं, दुसरं बिघडलेलं. मे महिन्यात तिसरं आलं, कोरं करकरीत. लोकार्पण सकाळी अकराला ठरलं. मशीनला लाल फीत बांधली, वर झेंडूचा हार घातला आणि नांदेडहून येणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत आम्ही बसलो.

साडेअकराला तो आला. गाद्या भरण्याचं काम करणारा, पस्तिशीचा माणूस. दाढीत कापूस अडकलेला, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. त्याच्या आईला आदल्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडलं होतं, पण ऑक्सिजन चालू ठेवायच्या अटीवर. भाड्याने आणलेला सिलिंडर संपत आला होता आणि भरलेला दुसरा संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता. कुणीतरी त्याला आमचा पत्ता सांगितला होता. मशीन तर त्याच्या समोरच होतं, हार घालून.

मी म्हणाले, "बसा. अर्ध्या तासात कार्यक्रम होतो, मग घेऊन जा."

तो बसला. शेवटच्या खुर्चीवर, अंग चोरून. मी त्याला चहा पाठवला आणि आपण किती माणुसकीने वागलो असं वाटून पुन्हा पुष्पगुच्छ मोजायला लागले.

बारा वाजले. अध्यक्षांनी फोन लावला. पाहुणे कळमनुरीला पोचले होते, पण तिथे कुणी त्यांना सत्काराला थांबवून घेतलं होतं. शाल, श्रीफळ, चहा, फोटो. आपल्याकडे सत्काराला निघालेल्या माणसाचाही वाटेत सत्कार होतो.

माझं लक्ष सारखं त्या माणसाकडे जात होतं. चहा तसाच, वर साय धरलेली. तो दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होता. मला शाळेपासूनची सवय, मोबाइल दिसला की डोकं फिरतं. मी जवळ जाऊन जरा तोऱ्यातच विचारलं, एवढं काय बघताय? त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला.

सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन उरला ते दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो होता. घरून त्याची मुलगी पाठवत होती. त्याने बोटाने मागचे फोटो दाखवले. पहिल्यात काटा लाल पट्ट्याच्या वर. मग पट्ट्यात. आणि आत्ताच्या फोटोत शून्याला टेकायला आलेला. एवढं होईस्तोवर हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता.

मी तडक जाऊन अध्यक्षांना सांगितलं. माणूस वाईट नाही, पण घामाघूम झालेला, पाहुण्यांना दिलेल्या शब्दात अडकलेला. ते म्हणाले, "दहा मिनिटं, मॅडम. नियम तुमचाच आहे."

मला संताप आला, पण त्यांचा नाही, माझाच. मी मशीन ढकलत दाराकडे निघाले. हार चाकाखाली आला.

तो शेजाऱ्याच्या रिक्षातून आला होता, शेजारी बाहेरच थांबलेला. मशीन मध्ये, दोन्हीकडून आम्ही. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर आडवा उभा. त्याने मशीन खांद्यावर घेतलं आणि पळत सुटला. मी मागे, या वयात, साडी सावरत.

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसली होती. ओठ काळेनिळे. नात ओढणीने वारा घालत होती. खोलीत प्लग एकच, त्यात कूलर. मी तो उपटला. नळीची पिशवी फाटेना तेव्हा दाताने फाडली. मशीन सुरू झालं, पण हवा नीट यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ मी कशी उभी राहिले ते मलाच माहीत. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर चौऱ्याहत्तर. मग शहात्तर. एक्क्याऐंशी.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. पाहुणे आले होते, आणि फीत कशाची कापायची म्हणून विचारत होते. मी म्हणाले, "रिकाम्या खोक्याची कापा," आणि फोन ठेवला. त्यांनी खरंच खोक्याला दुसरी फीत बांधून कापली. पेपरात फोटोही आला. मी म्हातारीच्या बोटाकडेच बघत होते. नव्वद दिसल्यावर मी जमिनीवर बसले आणि रडले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो मशीन घेऊन आला. पुसून लख्ख केलेलं. अम्मी आता मशीनशिवाय दारात येऊन बसते म्हणाला. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत लाल फीत, नीट घडी घातलेली.

"गाठ सोडली मॅडम, कापली न्हाई. तुमाला लागंल म्हणून."

त्याला विचारायचं राहून गेलेलं विचारलं. काटा उतरत होता, समोर मशीन होतं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"तुमी बसा म्हणल्या ना," तो सहज म्हणाला. "म्हणून बसलो."

वहीतला तो नियम मी त्याच दुपारी खोडला. पण जन्मभर मी वर्गात बसा म्हणत आले आणि पोरं बसत आली, ती सवय काही खोडता येत नाही. आता क्लबच्या दारात कुणी चिठ्ठी घेऊन आलं की तो शब्द ओठावर येतो आणि मी तो गिळते. आधी विचारते, घरी कोण आहे, कसं आहे.