दादाचं कार्टून

आज सकाळी माझा भाऊ पुन्हा मेला. या वेळी मोबाइलवर, कार्टूनमध्ये.

आणि बघणारे हसले.

गोकुळदादाला, माझ्या मोठ्या भावाला, जाऊन आज वर्ष झालं. आम्ही एरंडोलचे. दोघंही जळगावला एकाच डाळ मिलमध्ये कामाला. रोज एकाच गाडीवर जायचो. तो चालवायचा, मी मागे बसून त्याच्या चालवण्याला नावं ठेवायचो.

मिलमध्ये सेफ्टी ट्रेनिंग आधी पीपीटीवर असायचं. प्रोजेक्टर सुरू झाला की अर्धे लोक पेंगायचे. मीसुद्धा.

मग कुणीतरी वरच्या साहेबांना पटवलं की त्यात कॅरेक्टर टाका, अ‍ॅनिमेशन करा, मोबाइलवर द्या, लोक आवडीने बघतील.

कॅरेक्टर कुणासारखं करायचं?

सगळ्यांनी दादाकडे बोट दाखवलं. बोलका, हसरा, डोक्याला कायम लाल रुमाल. एजन्सीवाल्यांनी त्याला चालायला लावलं, वाकायला लावलं, शूटिंग करून नेलं.

कार्टूनचं नाव ठेवलं गोपाळ. चाल मात्र दादाचीच. पोती वाहून वाहून डावा खांदा जरा खाली आलेला, तोसुद्धा काढला होता.

दादा महिनाभर हवेत, भेटेल त्याला सही देऊ करायचा.

"आते मी हिरो शे. बठ्ठा सही लई ल्या!"

आणि मग आरशात बघून, "मिशी मातर बारीक काढी यास्नी."

खोटं कशाला बोलू, लोक ट्रेनिंग बघायला लागले. गोपाळ मास्क लावतो म्हणून लोक मास्क लावायला लागले. घरी दादाची मुलगी जेवताना तेच कार्टून लावून बसायची.

नंतर अपघात झाला.

डाळ वर नेणारा पट्टा खाली अडकला होता. दादाने पॅनलवर जाऊन मशीन बंद केलं. माझ्यासमोर केलं. मग खाली वाकून अडकलेलं काढायला लागला. तेवढ्यात पॅनलजवळ कुणाला तरी वाटलं, मशीन उगाच बंद पडलंय.

त्याने बटण दाबलं.

त्या माणसाला मी दोष देत नाही. तिथून खाली वाकलेला माणूस दिसतच नाही. म्हणून तर पॅनलला कुलूप लावतात आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात ठेवतात.

आमच्या पॅनलला कुलूप नव्हतं. दादाने मागितलं होतं. "बघू, आणू" चाललं होतं.

तो गेल्यावर आठवड्याच्या आत आणलं.

वहिनीला मिलने पॅकिंगमध्ये घेतलं. घर त्याच्यावरच चालतंय, तेवढं मान्य करतो.

आता यंदा मॅनेजमेंटने ठरवलं, दादा गेला ती तारीख मिलचा सुरक्षा दिवस. नवीन ट्रेनिंग. सकाळी सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये बसून आपापल्या मोबाइलवर बघायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. पास नाही तर उद्या गेटच्या आत नाही.

नवीन व्हिडिओतही गोपाळच.

कॅरेक्टर तयार होतं ना. नवीन कोण काढत बसणार!

गोपाळ येतो. लाल रुमाल, डावा खांदा खाली, शीळ घालत. चालू मशीनमध्ये सरळ हात घालतो. "ढुम्म" असा आवाज. डोक्याभोवती चांदण्या फिरतात, जीभ बाहेर.

यंदा भरती झालेले लोक खो खो हसले. त्यांनी दादाला पाहिलेलंच नाही. त्यांच्यावर काय रागवायचं.

वहिनी माझ्या शेजारी बसली होती.

मग प्रश्न आला. अपघात कशामुळे झाला?

गोपाळचं लक्ष नव्हतं.
गोपाळने घाई केली.
गोपाळने मशीन बंद केलं नाही.
वरील सर्व.

वहिनीने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"भाऊ, यास्नी मशीन बंद करेल व्हतं ना?"

"हां वहिनी. मन्हा डोयासमोर."

"मंग मी हाई उत्तर कसं देऊ?"

नोकरी तिची, पोरगी तिची. दाब म्हणू की नको म्हणू?

तिने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. "मी नही दाबस."

सुपरवायझर आला. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्यांची नावं दुपारपर्यंत वर पाठवायची होती.

"ताई, ट्रेनिंग आहे ते. मनाला लावून घेऊ नका."

तिने मोबाइलला हात लावला नाही.

"द्या इकडे, मी करून देतो."

आणि त्याने मोबाइल उचलून दाबलं. वरील सर्व.

स्क्रीनवर फटाके फुटले. गोपाळ उड्या मारत टाळ्या वाजवायला लागला. "शाब्बास! तुम्ही पास झालात!"

टाळ्या वाजवतानाही खांदा खालीच होता.

वहिनी बघत राहिली. मग पदराने तोंड पुसून पॅकिंगला गेली. शिफ्टची वेळ झाली होती.

माझं काळीज जळतंय हो. माणूस मेला तो मेला, त्याच्याच तोंडून त्याच्याच बायकोला शाब्बास म्हणवता? कशाबद्दल?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. संध्याकाळपासून ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज येतायत, तुमचंच राहिलंय, तुमचंच राहिलंय.

बरोबर उत्तर त्या चारांत नाही, म्हणून इथे देतो. मिलमधले बरेच जण हे वाचतील. ज्याला स्क्रीनशॉट काढून साहेबांना द्यायचा त्याने खुशाल द्यावा. उद्या गेटवर अडवलं तर परत एरंडोलला येईन.

त्याचं नाव गोपाळ नव्हतं, गोकुळ होतं. त्याने मशीन बंद केलं होतं. कुलूप मागूनही मिळालं नाही, म्हणून तो मेला.

दादा, तुन्ही काही चूक नव्हती.

राम राम.