फेअरबँक्सला कावळा शिवेना

हे सगळं असंच घडलं का, याची मला खात्री नाही. आयुष्यभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवल्यामुळे खात्रीशी माझं तसंही फारसं जमत नाही. अलास्काला आम्ही गेलो चौघंच, पण किस्से दरवर्षी वाढताहेत. आता चार साक्षीदारांच्या पाच हकिकती निघतात. "त्यातल्या दोन तुझ्याच असतात, प्रोफेसर!" असं बापट म्हणतो.

बापट माझा शिकागोचा जुना मित्र, रिटायर्ड इंजिनिअर. फेअरबँक्सची टूम त्याचीच. आदल्या हिवाळ्यात त्याची आई गेली. दहाव्याला तळ्याकाठी बर्फात पिंड ठेवला, पण कावळा फिरकलाच नाही. "आईचं काहीतरी राहून गेलंय," एवढंच तो महिनोन्‌महिने म्हणत होता. मग त्याने कुठेतरी वाचलं, की फेअरबँक्सला कोंबड्याएवढे डोमकावळे असतात. झालं! पितृपंधरवड्यातली तिकिटं बुक!

*

केबिनची किल्ली द्यायला मालकीण लिंडाबाई आल्या. मला अस्वलांची धास्ती. पण येताना दुकानं, सिग्नल, बँका बघून जरा धीर आला होता. मी विचारलं, "जंगल इथून किती लांब?"

बाईंनी अंगणातल्या कचऱ्याच्या मोठ्या डंपस्टरकडे बोट दाखवलं. "त्याच्या मागे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर पायरीशी मूस! सांबरासारखा, पण घोड्याहून उंच, झुडपाची पानं ओरबाडत होता. मी दार लावलं, कडी घातली, वर खुर्ची टेकवली आणि लिंडाबाईंना फोन केला. "काय करू?"

"वाट बघा," त्या म्हणाल्या.

माझी बायको मंदा शांतपणे खिडकीशी चहा पीत होती. "खाऊ दे हो त्याला सावकाश. पाहुणे आपण आहोत!"

*

मी लगेच अस्वलांना पळवायचा बेअर स्प्रे विकत आणला. त्यात तिखटाचा अर्क असतो म्हणे. त्याच संध्याकाळी बापटच्या बायकोने, शैलाने, आमटीला लाल मिरच्यांची फोडणी दिली. थंडीमुळे खिडक्या बंद. स्मोक अलार्म किंचाळला, आम्ही खोकत अंगणात! शेजारच्या केबिनमधला धिप्पाड शिकारी काय जळतंय ते बघायला आला आणि डोळे चोळत परत गेला.

मंदा म्हणाली, "अहो, तो स्प्रे रिटर्न करून या. शैला आहे ना आपल्याकडे!"

*

मग तिथीचा दिवस उजाडला. शैलाने खीर, वडे, सगळं साग्रसंगीत केलं. लिंडाबाईंना विचारून अंगणात पान ठेवलं. वासाला अस्वलं येतात, म्हणून त्यांच्या अटी दोनच: पान सोडून हलायचं नाही, आणि नंतर शीतही मागे ठेवायचं नाही.

दोन डोमकावळे आले, छपरावर बसले. पानाकडे बघितलं आणि मान फिरवली.

बापटने हात जोडले. "आई, सुहासशी बोलायला लागतो." सुहास त्याचा धाकटा भाऊ. कावळा ढिम्म.

"गोळ्या वेळेवर घेईन." ढिम्म.

"माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही, म्हणा!" शैलाने सुचवलं. बापटने तेही निमूट म्हटलं. कावळ्याने पंख साफ केले.

शेवटी बापटचा आवाज फाटला. "काय राहिलं गं तुझं? सांग ना!"

कुणीच कुणाकडे बघेना. माझी शुगर उपाशीपोटी खाली जाते, म्हणून मंदाने सकाळीच बर्गरवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूमधून फ्राइज आणून ठेवले होते. मी आवाज न करता पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवून उघडली. तेवढ्यात एक कावळा छपरावरून सुटला, खिरीवरून सरळ पुढे आला, पिशवीत चोच घातली आणि चोचभर फ्राइज घेऊन पसार!

"शिवला!" मंदा ओरडली.

"हे कसलं शिवणं?" बापट लालबुंद झाला. "माझ्या आईने जन्मात बाहेरचं खाल्लं नाही! सोवळ्यातली बाई ती!"

परतीच्या विमानात तो माझ्याशी बोलला नाही.

*

तीन-चार वर्षांनी आम्ही सगळे त्याच्या मुलीकडे, नेहाकडे, मॉरिसव्हिलला जमलो होतो. मी भीतभीतच हा किस्सा सांगितला. सगळे हसले. नेहा हसली नाही.

"काका, आर यू सिरियस?" ती म्हणाली. "आजी आणि मी एव्हरी फ्रायडे जायचो. देवळातून येताना, ड्राइव्ह-थ्रू. बाबांना सांगू नकोस म्हणायची."

बापटने हातातला चहा खाली ठेवला. मग त्याने हळूच विचारलं, "काय घ्यायची?"

"फ्राइज, बाबा. लार्ज. मीडियम घेतले तर रुसायची!"